चंबूच्या गळ्याचे मेण

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तनुजाने हजेरीवहीत सही केली, वेळेच्या रकान्यात आठ-दहा लिहिले आणि रोजच्याप्रमाणे आधी शेकरच्या, म्हणजे फ्लास्क सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत गेली. सूसहून निघताना खिंडीजवळ डंपरांची रांग लागली होती, तरी महामार्गावरचा पूल ओलांडून पाषाणच्या प्रयोगशाळेत पोचायला तिला पंचवीस मिनिटेच लागली होती. शेकरच्या खोलीत दिवा लावायचा, तापमानाचा आकडा पाहायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा : तीस अंश. मग क्षणभर थांबून यंत्राची घरघर ऐकायची, कारण पट्टा सैल झाला की आकड्याच्या आधी आवाज बदलतो. आवाज ठीक होता.

शेकरच्या फळीवर फ्लास्क धरून ठेवणाऱ्या बारा पकडी होत्या. त्यांतल्या सहा तिच्या, चार तिचा सहकारी संशोधक सौमित्र याच्या आणि दोन एम.एस्सी.च्या मुलींच्या. ही वाटणी तिचे मार्गदर्शक डॉ. श्रीनिवास आगाशे सरांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः आखून भिंतीला चिकटवली होती आणि खाली लिहिले होते, 'भांडायचे असल्यास बाहेर भांडावे. आत जिवाणू काम करीत आहेत.'

टेबलाशी बसून तिने बाटलीतले पाणी प्यायले आणि संगणक उघडला. पत्र रात्रीच येऊन पडले होते. तिच्या शोधनिबंधाची प्रुफे तयार होती. ती तपासून, मान्यतेचे बटण दाबून, बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत परत करायची होती.

तिने पत्र दोनदा वाचले. मग प्रुफाचे पहिले पान उघडून नुसते आपले नाव पाहिले.

या एका निबंधावाचून तिचे सगळे अडले होते. विभागाचा नियम असा, की एक तरी शोधनिबंध स्वीकारला गेल्याशिवाय पीएच.डी.चा प्रबंध सादर करता येत नाही. आणि तिच्या नोंदणीची मुदत, दोनदा वाढवून घेतलेली, याच महिन्याच्या तीस तारखेला संपत होती. आज नऊ तारीख. प्रबंध बांधून तयार होता. कार्यालयातल्या वहीत सव्वीस तारखेला तिचे नाव पेन्सिलीने लिहिलेले होते.

निबंध होता के-१४ या जिवाणूवर. पाच वर्षांपूर्वी कसबा पेठेतल्या एका बोळात, केसांचे क्रीम बनवणाऱ्या लहानशा कारखान्याच्या मोरीखालून तिने गाळ आणला होता. मालकाने हसून विचारले होते, "मोरीतली घाण कशाला नेताय ताई, क्रीमच न्या की!" आणि खरोखरच एक डबी हातात ठेवली होती. त्या गाळातून वेगळा केलेला हा चौदावा जिवाणू. क्रीममध्ये घालतात ते मेण म्हणजे एक घट्ट जोडी असते : लांब साखळीचे एक अल्कोहोल, तितक्याच लांब साखळीचे एक मेदाम्ल आणि दोघांना बांधणारी गाठ. एखाद्या सजीवाला हे अन्न म्हणून वापरायचे तर आधी ती गाठ सोडवावी लागते. मग सुट्या झालेल्या अल्कोहोलचे आम्ल करावे लागते. मग त्या आम्लाची साखळी एका टोकाकडून, दोन-दोन कार्बनांनी, तोडत न्यावी लागते. के-१४ सुटे अल्कोहोल आवडीने खातो, हे तनुजाने पहिल्या दोन वर्षांत दाखवले होते. तो ती गाठही सोडवतो, हे पुढच्या तीन वर्षांत. प्रुफे आली होती ती या गाठीची.

नऊच्या सुमारास ती काचेची भांडी आणायला धुण्याच्या खोलीत गेली. मुक्ताबाई तिथे गेली बावीस वर्षे काम करत होत्या. त्यांचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि बाई अजून तिथल्याच एका चाळीतून दोन बस बदलून येत. प्रयोगशाळेतली सगळी माणसे ज्याला फ्लास्क म्हणत, त्याला त्या चंबू म्हणत. दुसरे नाव त्यांनी कधी घेतले नव्हते.

"आज लौकर आलात, बाई," तनुजा म्हणाली.

"लौकर नाय आले, लौकर यावं लागलं. शनिवारचे तुमचे चंबू हायेत ना. त्येला आर्धा तास जास्ती लागतो."

"माझेच का?"

"तुमचेच. त्या लाल पट्टीवाल्यांना गळ्याशी मेणाचं कडं बसतं. गरम पाणी, साबण, परत गरम पाणी. नखानं खरडावं लागतं वो. निळ्या पट्टीच्यात पाणी दुधावानी निघतं, पण येका पाण्यात साफ. लालवाले लय चेंगट." बाईंनी साबणाच्या पाण्यातून एक चंबू वर काढला आणि उजेडात फिरवला. "तीन वर्सं झाली, मी म्हनते, ह्या पोरीचे जंतू मेण खात्यात म्हनं. मग ह्ये कोन टाकतंय मागं?"

त्या हसल्या. तनुजाही हसायला लागली आणि मधेच थांबली.

लाल पट्टी म्हणजे के-१४ घातलेले फ्लास्क. निळी म्हणजे जिवाणू न घातलेले, तुलनेसाठी ठेवलेले. लाल फ्लास्कांत तिसऱ्या दिवशी शंभरातले नऊच भाग मेण उरते, असे निबंधातली तिसरी आकृती सांगत होती.

"बाई, बाकीचे धुतलेत?"

"एक लाल झाला. दोन राहिलेत. का?"

"राहू द्या. हात लावू नका त्यांना."

"आता हात लावायचा नाय तर पगार कशाचा घ्यायचा?" बाई म्हणाल्या, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हात पुसले आणि उरलेले दोन्ही चंबू तिच्यापुढे सरकवले.

फ्लास्क रिकामे होते. काम झालेले फ्लास्क जिवाणू मारण्यासाठी आधी ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली तापवायचे, आतले पाणी ओतून द्यायचे आणि मग धुवायला ठेवायचे, असा शिरस्ता होता. तनुजाने एक फ्लास्क खिडकीशी धरला. पाण्याची पातळी जिथे असते त्याच्या बोटभर वर एक धुरकट पांढरी पट्टी काचेला धरून बसली होती. अशी पट्टी तिने शेकरवर शेकडो वेळा पाहिली होती आणि वहीत प्रत्येक वेळी एकच नोंद केली होती : 'वाढीचे कडे.' जिवाणू वाढले की काचेवर कडे धरतातच. सगळ्यांचे धरतात.

तिने पट्टीवर नख ओढले. नखाखाली आले ते जिवाणूंच्या थरासारखे चिकट नव्हते. ते मेण होते.

दार बंद करून तिने दोन्ही फ्लास्कांत मेण विरघळवणारे हेक्झेन घातले, काच आतून चारी बाजूंनी धुऊन घेतली आणि द्रावण लहान कुप्यांत भरले. कुप्या घेऊन ती सौमित्रकडे गेली. गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले पदार्थ एकेक करून वेगळे दाखवणारे यंत्र, तोच सांभाळत असे. मेण त्यात बाविसाव्या मिनिटाला उमटते, अल्कोहोल नवव्या.

"प्रूफ आलं ना?" सौमित्र उठून उभा राहिला. "काँग्रॅट्स! पेढे कुठायत? आमच्या कोथरूडला साधा प्रमोशनचा ईमेल आला तरी सोसायटीत पेढे वाटतात."

"या दोन कुप्या घाल. आत्ता."

"काय आहे यात?"

"फ्लास्कच्या गळ्याचं धुवण."

त्याने कुपी यंत्रात ठेवली. पडद्यावर हिरवी रेघ सरळ चालू लागली. दोघे दोन स्टुलांवर बसले. नववे मिनिट आले आणि गेले. रेघ हललीसुद्धा नाही. सौमित्र काहीतरी विनोद करू पाहत होता, एम.एस्सी.च्या मुलींनी सेंट्रीफ्यूजमध्ये मोबाइल विसरल्याचा. तनुजाला शब्द ऐकू येत होते, अर्थ लागत नव्हता. एकविसाव्या मिनिटाला तिने श्वास धरला.

बाविसाव्या मिनिटाला रेघ उठली आणि पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली.

"अरे," सौमित्र म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात, "अरे बापरे."

त्याने त्या उंचवट्याचे क्षेत्रफळ काढले, तिने गुणाकार केला. फ्लास्कात घातले होते शंभर मिलिग्रॅम. नुसत्या गळ्याला निघाले अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्यात एक्याऐंशी.

"पण मग पाण्यात नव्हतं ते कसं?" सौमित्रने विचारले. "सॅम्पल्स तर मीच रन केलीत. पाण्यात खरंच कमी होत गेलं."

"पाण्यात कमी होत गेलं," तनुजा म्हणाली. "मी नमुना घ्यायला पिपेटची नळी पाण्याच्या मधोमध बुडवत होते."

पहिल्या दोन वर्षांत ती असे करत नव्हती. तेव्हा अपूर्वा नावाची वरिष्ठ संशोधिका होती. तिने बजावून शिकवले होते, की तेलकट पदार्थाचा नमुना काढायचा नसतो, एका वेळेसाठी एक फ्लास्क आणि तो आख्खा संपवायचा. पाच वेळा मोजायचे तर पंधरा फ्लास्क. अपूर्वा परदेशी गेली, प्रयोगशाळेत माणसे वाढली, दुसरा शेकर बिघडला तो बिघडलाच आणि वाटणीत तिच्या वाट्याला सहा पकडी आल्या. तीन लाल, तीन निळे. मग एकाच फ्लास्कातून रोज पाच मिलिलिटर उचलायचे, हाच मार्ग होता. कुणी तिला तसे सांगितले नव्हते. कुणी अडवलेही नव्हते. ती फक्त आकडे पाहत गेली आणि आकडे सुंदर येत गेले.

मेण सुटून वर का आले, हेही तिला जिना उतरता उतरता कळले आणि ती पायरीवरच थांबली. मेण पाण्यात मिसळत नाही. म्हणून ती त्यात ट्वीन घालत असे, साबणाच्या जातीचा एक पदार्थ, जो मेणाचे बारीक कण पाण्यात धरून ठेवतो. ट्वीनमध्येही मेदाम्लाची एक गाठ असते, पण सैल, सहज सुटणारी. के-१४ ने तीच सोडवली असेल. तो ट्वीनवर वाढला असेल, पाणी गढूळ झाले असेल आणि धरून ठेवणारे कुणी न उरल्याने मेण वर येऊन काचेला लागले असेल. निळ्या फ्लास्कांत ट्वीन खाणारे कुणी नव्हते, म्हणून तिथले पाणी दुधासारखे राहिले. निबंधात तिने लिहिले होते : 'ट्वीनचे प्रमाण अल्प असल्याने त्याचा वाढीवरील परिणाम नगण्य मानला आहे.' मानला आहे. नववे मिनिट नेहमी कोरे का राहते, यावरही एक वाक्य होते : 'सुटे झालेले अल्कोहोल तत्काळ वापरले जात असल्याने साठत नाही.' हे वाक्य सरांना फार आवडले होते. परीक्षकांनीही त्याला बोट लावले नव्हते.

शंका तपासायला एक रात्र पुरेशी होती. तिने दोन फ्लास्कांत मेण न घालता फक्त क्षार आणि ट्वीन घातले, वर के-१४ सोडला आणि शेकरवर चढवले. मग घरी गेली.

मंगळवारी सकाळी आठ-पाचला तिने शेकरच्या खोलीचा दिवा लावला. तापमान पाहिले नाही. दोन्ही फ्लास्क गढूळ होते. खायला मेणाचा कणही नव्हता आणि के-१४ मजेत वाढला होता.

सर अकराला आले. तनुजाने सगळे कागद त्यांच्या टेबलावर क्रमाने मांडले आणि सांगितले. डॉ. आगाशे एकसष्ट वर्षांचे होते. ऐकताना चष्मा काढून त्याची दांडी चावायची त्यांना सवय होती. आज त्यांनी चष्मा काढला नाही.

"हे ऑटोक्लेव्हमध्ये झालेलं असू शकतं," ते म्हणाले. "शंभराच्या वर तापमान जातं. वितळलं, चिकटलं."

"सर, चिकटायला ते शिल्लक असायला हवं."

"बरोबर," सर कोरडेपणाने म्हणाले. "सहा वर्षांत मी काहीतरी शिकवलेलं दिसतंय. नेमकं आजच दिसायचं होतं." मग कागद पुढे ओढून म्हणाले, "दोन फ्लास्क म्हणजे पुरावा नव्हे. मेण आणि के-१४ घातलेला, न तापवलेला एखादा चालू फ्लास्क आहे?"

"सौमित्रकडे आहे. पाचव्या दिवसाचा."

"आख्खा संपवा."

सौमित्रने तक्रार न करता आपला फ्लास्क दिला. त्याच्या प्रथिनांच्या कामाचा एक आठवडा त्यात होता. दुपारी अडीचला आकडा आला : शंभरातले चौऱ्याण्णव. तनुजाने तो एका कागदावर लिहून सरांच्या खोलीत नेला. सरांनी कागद उलटा करून ठेवला.

"बस."

ती बसली. खिडकीबाहेर कुणीतरी झाडांना पाइपने पाणी घालत होते.

"प्रुफात स्वल्पविराम बदलतात, तनुजा. निष्कर्ष नाही बदलत."

"हो, सर."

"तर मार्ग दोन. एक, आत्ता मागे घ्यायचं. मग निबंध नाही, म्हणजे सव्वीसला प्रबंध नाही, तीसला नोंदणी संपली. विशेष मुदतवाढ समितीकडे मागता येते. मी त्या समितीवर नऊ वर्षं होतो. आम्ही तीनदा दिली. सोळांनी मागितली होती. दोन, आत्ता मान्यता द्यायची, प्रबंध द्यायचा आणि सहा महिन्यांनी सावकाश दुरुस्तीपत्र पाठवायचं. लोक पाठवतात. बेकायदा नाही."

"पण आपल्याला आज माहीत आहे."

"हो. तेवढीच अडचण आहे." त्यांनी आता चष्मा काढला. "प्रकाशकांशी व्यवहार करणारी संपर्क-लेखिका म्हणून मी तुझं नाव घातलं होतं. कौतुकानं. त्यामुळं बटण तुझ्याकडे आहे."

"सर, तुम्ही काय केलं असतं?"

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "पकडींची वाटणी मी केली होती. सहा पकडींत तू हे कसं मोजतेस, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आकडे छान होते. आता मी 'मागे घे' म्हटलं तर ते तुझ्या जिवावर माझं पुण्य. आणि 'राहू दे' म्हटलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "उद्या दिवसभर मी विद्यापीठात आहे. जे करशील त्याच्या खाली माझी सही आहे, असं समज. दोन्हीपैकी कशाच्याही."

ती उठली. दारापाशी पोचल्यावर त्यांनी विचारले, "लक्षात कसं आलं तुझ्या?"

"मुक्ताबाईंना घासायला अर्धा तास जास्त लागतो."

सरांनी उलटा केलेला कागद सरळ केला.

संध्याकाळी घरी सगळे ओसरीवर होते. तिचे वडील सोनबा वर्तमानपत्र वाचत होते; थोरला भाऊ इंद्रजीत, जो आता बांधकामाच्या साहित्याचा व्यापार करत होता, हातात कागदात गुंडाळलेले काहीतरी घेऊन तिची वाट पाहत उभा होता.

"तायडे, डोळं मिट."

"दादा, दमलेय मी."

"मिट म्हंतो ना!"

तिने डोळे मिटले नाहीत. त्याने कागद सोडला. पितळेची पाटी होती, कसब्यातून घडवून आणलेली. 'डॉ. तनुजा सोनबा चांदेरे.'

"डॉ.च्या म्होरला ठिपका बघ. तो बी पितळेचा हाय, रंगाचा न्हाई. कारागीर म्हनला, ठिपका रंगवून देतो. म्या म्हनलं, आमच्या तायडीनं ठिपक्यासाठीच सा वर्सं घातलीत, तो पयला ठोक."

आई आतून हसली. पाटी जड होती. तनुजाने ती दोन्ही हातांत धरली आणि अक्षरांच्या कडा बोटाला लागल्या.

"चांगली झालीये," ती म्हणाली.

"गेटला कवा लावायची?"

"सांगते."

सोनबांनी वर्तमानपत्र खाली केले. "झालं का तुजं काम?"

"नाही, आबा. वाटलं होतं झालं."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. काय अडले, हे विचारले नाही. विचारून कळण्यासारखे नाही, असे त्यांना वाटत असावे. "मग ती पाटी कागदात गुंडाळून ठेव," ते इंद्रजीतला म्हणाले. "उघडी राह्यली तर काळी पडंल."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. तनुजाने स्वतःच पाटी पुन्हा कागदात गुंडाळली.

बुधवारी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा सरांची खोली बंद होती. आठ-दहा. तीस अंश. आवाज ठीक. तिने प्रुफे उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. छपाईच्या चार चुका सापडल्या. एका ठिकाणी 'विकर', म्हणजे एन्झाइम, या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकले होते. त्या तिने दुरुस्त केल्या. का, ते तिलाही सांगता आले नसते. तिसऱ्या आकृतीपाशी मात्र ती थांबली. रेघ शंभरापासून निघून नऊपर्यंत इतक्या गुळगुळीतपणे उतरत होती, की पाहणाऱ्याला दुसरे काही सुचू नये.

अकराला सौमित्र आला. "काय ठरलं?"

"नाही ठरलं."

"हे बघ, मी सेकंड ऑथर आहे, त्यामुळे माझाही स्वार्थ आहे, म्हणून माझं ऐकूच नकोस. पण सहा महिन्यांनी करेक्शन पाठवलं तर कोण मरणार आहे? कोण वाचतं आपले पेपर? सर, तू, मी आणि दोन परीक्षक. त्यातले एक अर्धवट."

"कुणीतरी वाचतं. मी नाही का वाचत दुसऱ्यांचे?"

"तू वेडी आहेस, तू वाचतेस."

तो गेला. त्याच्या शेवटच्या वाक्यापाशी तिचे मन घुटमळत राहिले. तिने खरोखरच वाचले होते. पहिल्या वर्षी कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेचा एक निबंध वाचून तिने सात महिने एका विकरामागे घालवले होते, जे तिथे नव्हतेच. तो निबंध अजून कुणी मागे घेतलेला नव्हता. तशीच आता कुठेतरी एखादी मुलगी असेल, तिच्याही वाट्याला सहा पकडी असतील. ती के-१४ मागवून घेईल, ट्वीन घालेल, पाणी गढूळ झालेले पाहून आनंदेल. सहा महिने म्हणजे तिचे एक सत्र. त्या मुलीच्या धुण्याच्या खोलीत मुक्ताबाई असतीलच, असे नाही.

पण ती मुलगी दिसत नव्हती आणि पाटी दिसली होती. दुपारचा डबा तसाच राहिला. दोन वाजले, तीन वाजले. साडेतीनला प्रकाशकांकडून आठवण करून देणारे पत्र आले. त्यात ते मान्यतेचे बटण होते, हिरवे. तनुजाने बाण त्यावर नेला. नुसता नेला. बोट माउसवर ठेवून ती किती वेळ बसली होती, हे तिला कळले नाही. दाबले की सगळे होणार होते : सव्वीस तारीख, गेटवरची पाटी, पितळेचा ठिपका. यातले काहीही खोटे दिसले नसते. पहिल्या दोन वर्षांचे काम तर खरेच होते. अल्कोहोल के-१४ खात होताच. अर्धे खरे होते.

तिने बाण बाजूला केला आणि नवे पत्र उघडले.

पत्र लिहायला वीस मिनिटे लागली. ते तिने लांबवले नाही. मेण विघटित झाले नसून काचेला चिकटले होते. नमुना काढण्याची पद्धत चुकीची होती. वाढ ट्वीनवर झाली होती. तिन्ही फ्लास्कांचे आकडे सोबत जोडले आहेत. निबंध प्रसिद्ध करू नये, ही विनंती. 'ही चूक माझी आहे,' असे लिहून तिने थोडा विचार केला आणि ते तसेच ठेवले. सर आणि सौमित्र यांना प्रती लावल्या. चार वाजून दहा मिनिटांनी पत्र गेले.

मग ती कार्यालयात गेली. वही मागून घेतली, सव्वीस तारखेपुढचे आपले नाव रबराने पुसले आणि पानावरचा चुरा फुंकला. लिपिक उल्का जोशी चष्म्यावरून पाहत होत्या.

"पुढची तारीख लिहू का?" त्यांनी विचारले.

"अजून नाही. विशेष मुदतवाढीचा अर्ज मात्र हवा आहे."

"तो कधी कुणी नेत नाही हो," उल्काबाई म्हणाल्या आणि खालच्या खणातून पिवळा पडत आलेला एक छापील कागद शोधून काढला.

शेकरच्या खोलीत आली तेव्हा भिंतीवरच्या वाटणीच्या तक्त्यावर सौमित्रने आपल्या चार पकडींपुढचे नाव खोडून 'त.' लिहिलेले होते. कधी, ते तिने विचारले नाही. दहा पकडी. प्रत्येक वेळेला एक फ्लास्क, आणि प्रत्येक फ्लास्क आख्खा संपवायचा; ट्वीन नाही, काचेवर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि गाठ सुटते का, ते पाहायचे. नाही सुटली तर नाही सुटली, असे लिहायचे. तीस तारखेला एकवीस दिवस नव्हते आता, एकोणीस होते.

धुण्याच्या खोलीत मुक्ताबाई पिशवी खांद्याला लावून निघण्याच्या बेतात होत्या. तनुजाने कपाटातून दहा चंबू काढून टेबलावर रांगेत ठेवले आणि एकेकावर पट्टी लावून तारीख लिहू लागली.

"ह्ये उद्या धुयाला येनार का?" बाईंनी विचारले.

"नाही. रिकामे झाले तरी धुवायचे नाहीत. आधी मला दाखवायचे. सगळे."

"लाल बी, निळे बी?"

"सगळे, बाई."

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या, आणि बस चुकेल म्हणून घाईने जिना उतरल्या. तनुजाने शेवटच्या चंबूवर तारीख लिहिली, गळ्याशी बोट फिरवून काच कोरडी असल्याची खात्री केली, आणि तो रांगेत ठेवला.